पीसबिल्डिंग विधेयकासाठी आपल्या काँग्रेसमनची सही कशी मिळवावी

अमेरिकेच्या केंद्र सरकारात मंत्रिमंडळाच्या दर्जाची १५ खाती आहेत. शेतीला खाते आहे, ऊर्जेला आहे, निवृत्त सैनिकांना आहे. भांडण पेटण्याआधी विझवण्याचे काम मात्र कुठल्याच एका खात्याचे नाही. तसे खाते असावे म्हणून ओहायोचे डेनिस कुसिनिच यांनी जुलै २००१ मध्ये प्रतिनिधिगृहात (अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, एका सभागृहात) विधेयक मांडले आणि नंतर दर वेळी नव्याने मांडत राहिले. २०१३ पासून ते काम कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांनी अंगावर घेतले. विधेयकाचे नाव आता 'डिपार्टमेंट ऑफ पीसबिल्डिंग ॲक्ट' आहे. जानेवारी २०२५ मध्ये ली प्रतिनिधिगृहातून बाहेर पडल्या. इतक्या वर्षांत हे विधेयक एकदाही समितीच्या बाहेर आलेले नाही.

ते पुढे सरकावे असे वाटणाऱ्या सामान्य रहिवाशाच्या हातात सर्वांत उपयोगी गोष्ट एकच आहे: आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला को-स्पॉन्सर, म्हणजे विधेयकाचा सहप्रायोजक, करून घेणे. पुढे 'सही' म्हटले आहे ती हीच. मोर्चे, ऑनलाइन सह्या, मेणबत्त्या यांना त्यांची जागा आहे, पण त्यांची नोंद काँग्रेसच्या दप्तरात होत नाही. को-स्पॉन्सरची होते, नावानिशी आणि तारखेनिशी. न्यू जर्सी, बे एरिया, शिकागो, ह्यूस्टन अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसांनी हे काम कसे करावे, ते पुढे दिले आहे.

आधी विधेयक हातात घ्या

काँग्रेस डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर विधेयकाचे इंग्रजी नाव टाकून शोधा. शोधताना चालू काँग्रेस निवडलेली आहे ना, हे आधी पाहा. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. एक काँग्रेस दोन वर्षांची असते. ती संपली की मंजूर न झालेली सगळी विधेयके मरतात आणि नव्या काँग्रेसमध्ये नव्या क्रमांकाने पुन्हा मांडावी लागतात. कुसिनिच यांच्या काळातल्या बऱ्याच पत्रकांवर 'एच. आर. ८०८' छापलेले आढळते ('एच. आर.' म्हणजे प्रतिनिधिगृहाचे विधेयक). २०१५ पासून अनेक वेळा 'एच. आर. ११११' हा क्रमांक घेतला गेला. चालू क्रमांक आणि चालू मुख्य प्रायोजकाचे नाव त्या पानावरूनच उतरवून घ्या, कोणी फॉरवर्ड केलेल्या मजकुरावरून नको. चुकीचा क्रमांक सांगितला, तर समोरचा कर्मचारी तो टाइप करतो, कुठल्या तरी भलत्याच विषयाचे विधेयक उघडते आणि तुमचे उरलेले बोलणे वाया जाते.

मजकूर पूर्ण वाचा. तासाभराचे काम आहे. त्यात काय आहे ते थोडक्यात असे. खात्याच्या प्रमुखपदी सेक्रेटरी ऑफ पीसबिल्डिंग असेल; नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतील, संमती सिनेट देईल. खात्याखाली शांतता-शिक्षण, देशांतर्गत काम, आंतरराष्ट्रीय काम, तंत्रज्ञान, शस्त्रनियंत्रण, संशोधन आणि मानवी हक्क अशी वेगवेगळी कार्यालये असतील. देशांतर्गत कामात घरातली मारहाण, मुलांवरचे अत्याचार, शाळेतली हिंसा, टोळीयुद्धे, बंदुकीची हिंसा, द्वेषातून होणारे गुन्हे आणि पोलीस व वस्ती यांच्यातले संबंध हे विषय येतात. लष्करी अकादम्यांच्या धर्तीवर एक पीस अकादमी काढायची आहे: चार वर्षांचे शिक्षण, आणि त्यानंतर पदवीधरांनी पाच वर्षे अहिंसक तंटा-निवारणाच्या सार्वजनिक सेवेत काम करायचे.

पैशाचे कलम दोनदा वाचा. विधेयकात ठराविक रक्कम लिहिलेली नाही, 'लागेल तितकी' असा कायद्यातला नेहमीचा शब्दप्रयोग आहे. पण मिळालेल्या निधीपैकी किमान ८५ टक्के रक्कम देशातल्या कामावर खर्च करायची, अशी अट आहे. भेटीत तुमच्या सर्वांत जास्त उपयोगी पडणारा आकडा हाच, कारण 'पीस' म्हटल्यावर बहुतेक लोकांच्या डोळ्यांपुढे परदेशातली युद्धे येतात. सुरुवातीच्या मसुद्यांत संरक्षण खात्याच्या निधीच्या दोन टक्क्यांचा उल्लेख होता. तो अजूनही जुन्या पत्रकांतून फिरतो. चालू मजकुरात जे नाही ते बोलू नका.

सगळे वाचून झाले की एक कलम निवडा आणि ते आपलेसे करा. गटात शिक्षिका असेल तर शांतता-शिक्षणाचे, नर्स असेल तर घरगुती हिंसेचे, कॉलेजातला मुलगा असेल तर अकादमीचे. प्रत्येकाला सगळे विधेयक पाठ असण्याची गरज नाही. प्रत्येकाला एक कलम मात्र असे यावे की उलट प्रश्न आला तरी अडखळायला होऊ नये.

कोणाकडे जायचे

हे विधेयक प्रतिनिधिगृहाचे आहे, म्हणून सही प्रतिनिधीचीच हवी. आपल्या दोन सिनेटरांना 'यावर सही करा' असे सांगणारे लोक दर वर्षी भेटतात. सिनेटरला प्रतिनिधिगृहाच्या विधेयकावर सही करताच येत नाही. त्यासाठी सिनेटमध्ये वेगळे विधेयक मांडलेले असावे लागते. तसे २००५ मध्ये मिनेसोटाचे मार्क डेटन यांनी मांडले होते. सिनेटरकडे मागणी असू शकते ती 'असे विधेयक तुमच्या सभागृहात मांडा' ही. ती खूप मोठी मागणी आहे. पहिल्या वर्षी तिच्या मागे लागू नका.

आपला प्रतिनिधी कोण ते हाउस डॉट गव्ह वर झिप कोड टाकला की कळते. एका झिपमध्ये दोन मतदारसंघ येत असतील तर पूर्ण पत्ता विचारला जातो. तो नीट भरा. २०२० च्या जनगणनेनंतर एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६१ हजार माणसे येतात आणि सीमा वेड्यावाकड्या असतात. शेजारच्या सोसायटीतले काका तुमच्याच मतदारसंघात असतील असे धरून चालू नका.

मग विधेयकाच्या पानावर 'कोस्पॉन्सर्स' हा भाग उघडा. तुमच्या प्रतिनिधीचे नाव आधीच असेल तर मागणी बदलते: आभार माना, आणि ज्या समित्यांकडे विधेयक गेले आहे त्यांच्या अध्यक्षांना सुनावणीसाठी पत्र लिहिण्याची विनंती करा. नाव नसेल तर मागच्या काँग्रेसांतली यादीही पाहा. पूर्वी सही केलेली आणि या वेळी राहून गेलेली मंडळी हे सर्वांत सोपे काम असते. बहुतेक वेळा विसरच पडलेला असतो, किंवा तो विषय सांभाळणारा कर्मचारी बदललेला असतो.

भेट प्रत्यक्ष प्रतिनिधीची मिळाली तर उत्तम, पण सही होते ती बहुतेक वेळा लेजिस्लेटिव्ह असिस्टंटच्या (प्रतिनिधीसाठी विधेयकांचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) शिफारशीवर. एका प्रतिनिधीला कायम स्वरूपाचे जास्तीत जास्त १८ कर्मचारी ठेवता येतात, वॉशिंग्टन आणि मतदारसंघ मिळून. एकेक असिस्टंट पाच-सहा विषय सांभाळतो. फोन करून विचारा: सरकारी कामकाज आणि न्याय हे विषय कोण पाहते? त्या व्यक्तीचे नाव व ईमेल घ्या. पंचविशीतला तरुण समोर आला म्हणून हिरमुसू नका. विधेयकाबद्दलची टिपणी तोच लिहिणार असतो.

कोणाला बोलता येते, आणि मंडळाला काय करता येते

हा भाग आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण भीतीही इथेच आहे आणि निष्काळजीपणाही इथेच.

सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेला आहे आणि तो फक्त नागरिकांपुरता नाही. ग्रीन कार्डवाले, एच-१बी वरचे, त्यांचे जोडीदार, विद्यार्थी: मतदारसंघात राहणारा कोणीही प्रतिनिधीच्या कार्यालयात जाऊन बोलू शकतो. स्वतःची ओळख करून देताना 'मी तुमच्या मतदारसंघात राहतो' असे म्हणा. इंग्रजीत 'कॉन्स्टिट्युअंट' हा शब्द वापरा. नागरिक नसाल तर 'मी तुमचा मतदार' असे चुकूनही बोलू किंवा लिहू नका, आणि 'नोंदणीकृत मतदार' अशी चौकट असलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा हा इमिग्रेशनच्या दृष्टीने फार गंभीर गुन्हा आहे, आणि 'घाईत झाले' हे कारण तिथे चालत नाही.

पैशाचे नियम वेगळे आहेत. निवडणुकीसाठी देणगी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. बाकीच्या व्हिसांवरच्या लोकांना ती देता येत नाही. पण या कामात देणगीचा विषयच आणू नका. भेटीच्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच संभाषणात निधीचा उल्लेख आला तर तुमच्या मागणीचा अर्थच बदलतो.

पगार न घेता, स्वतःच्या मनाने जाणाऱ्याला लॉबीइस्ट (कायदे करणाऱ्यांचे मन वळवण्याचे, म्हणजे लॉबिंगचे, काम पैसे घेऊन करणारा) म्हणून नोंदणी करावी लागत नाही. भारतातल्या एखाद्या पक्षाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या सांगण्यावरून जाणार असाल तर मात्र परदेशी हस्तकांच्या नोंदणीचा कायदा लागू होऊ शकतो. म्हणून हे काम स्वतःच्या नावाने, स्थानिक रहिवासी म्हणूनच करावे.

आता मंडळ. गणपती आणि दिवाळी करणारी आपली बरीच महाराष्ट्र मंडळे '५०१ (सी) (३)' या करमुक्त वर्गात नोंदलेली आहेत. खजिनदारांना विचारा, किंवा आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) शोध-पानावर तपासा. या वर्गातल्या संस्थेला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायला पूर्ण मनाई आहे. विधेयकाला पाठिंबा द्यायला मनाई नाही, फक्त मर्यादा आहे. हा फरक बहुतेक कार्यकारिणींना माहीत नसतो, आणि 'आपल्याला राजकारण चालत नाही' असे म्हणून ठराव गुंडाळला जातो.

मर्यादा मोजायच्या दोन पद्धती आहेत. पहिली, म्हणजे काहीच केले नाही तर आपोआप लागू होणारी पद्धत अशी की लॉबिंग हा संस्थेच्या कामाचा 'मोठा भाग' नसावा. मोठा म्हणजे किती, हे कुठे लिहिलेले नाही, आणि त्यात स्वयंसेवकांचा वेळही धरला जाऊ शकतो. दुसरी पद्धत स्वीकारायची तर 'फॉर्म ५७६८' हा छोटासा फॉर्म भरून पाठवायचा. मग फक्त खर्च झालेले पैसे मोजले जातात. संस्थेच्या उद्दिष्टांवर होणाऱ्या वार्षिक खर्चाच्या पहिल्या ५ लाख डॉलरपर्यंत २० टक्के लॉबिंगला चालतात, आणि त्यातला पाव हिस्सा लोकांना 'तुम्ही प्रतिनिधीला फोन करा' असे आवाहन करण्यावर खर्च करता येतो. मंडळाचा खर्च वर्षाला ८०,००० डॉलर असेल तर एकूण मर्यादा १६,००० डॉलर आणि आवाहनाची ४,००० डॉलर. पत्रके छापणे, हॉलचे भाडे, गाडीचा खर्च धरून या कामाला काही शे डॉलर लागतात. मर्यादेच्या जवळपासही कोणी जात नाही. मर्यादा ओलांडलीच तर वरच्या रकमेवर २५ टक्के कर बसतो.

फॉर्म ज्या करवर्षात भरला त्या संपूर्ण वर्षाला लागू होतो, त्यामुळे वर्षाच्या मध्यात भरला तरी चालते. आयआरएसच्या व्याख्येत 'चर्च' म्हणून नोंदलेल्या देवळांना मात्र ही दुसरी पद्धत उपलब्ध नाही. आणि कार्यकारिणीत एकमत नसेल तर मंडळाचे नाव ओढू नका. पाच रहिवासी स्वतःच्या नावाने गेले तरी काम तितकेच होते, आणि मंडळात फूट पडत नाही. शांततेच्या खात्यासाठी मंडळात भांडण लावणे कोणालाच नको असते.

फोन, वेब-फॉर्म, कागद

कॅपिटॉलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. प्रतिनिधीचे नाव सांगितले की जोडून देतात. बोलायचे ते चाळीस सेकंदांत: नाव, गाव व झिप, विधेयकाचा क्रमांक, 'को-स्पॉन्सर व्हावे' ही मागणी, आणि एका वाक्यात कारण. फोन घेणारा इंटर्न विषय, बाजू आणि झिप नोंदवतो. भाषण ऐकायला त्याला वेळ नसतो. रात्री व्हॉइसमेलवर ठेवलेला निरोपही नोंदला जातो. एकाच माणसाने दहादा फोन करण्यापेक्षा दहा घरांतून एकेक फोन जावा, आणि तोही एकाच आठवड्यात.

वेब-फॉर्ममध्ये पत्ता मतदारसंघाबाहेरचा असेल तर संदेश पुढे जातच नाही. साचेबंद मजकूर चिकटवला तर साचेबंद उत्तर येते. म्हणून पहिली दोन वाक्ये तरी स्वतःची लिहा. वॉशिंग्टनच्या पत्त्यावर कागदी पत्र पाठवू नका. २००१ मधल्या अँथ्रॅक्सच्या प्रकारानंतर काँग्रेसची डाक तपासणीतून आणि किरणोत्सारातून जाते. पत्र उशिरा पोचते आणि कागद पिवळा, ठिसूळ होऊन पोचतो. पत्रच द्यायचे असेल तर मतदारसंघातल्या कार्यालयात हातोहात द्या.

भेट

खरे काम भेटीत होते. प्रतिनिधी मतदारसंघात असतात ते आठवडे प्रतिनिधिगृहाच्या कॅलेंडरवर दिलेले असतात. ऑगस्टची सुट्टी त्यांतली सर्वांत मोठी. भेट तीन-चार आठवडे आधी मागा. मागणीच्या ईमेलमध्ये विधेयकाचा क्रमांक, येणाऱ्यांची नावे आणि प्रत्येकाचे गाव लिहा. आठवडाभरात उत्तर आले नाही तर फोन करा. पुन्हा फोन करणे म्हणजे मागे लागणे, असा आपला एक संकोच असतो. कार्यालयांना त्यात काही वावगे वाटत नाही.

चार ते सहा माणसे पुरेत. सगळी त्याच मतदारसंघातली हवीत. बाहेरचा कोणी असेल तर सुरुवातीलाच सांगा. सगळे एकाच कंपनीतले, एकाच वयाचे, एकाच भाषेचे असतील तर तुमचा गट लहान दिसतो. गुजराती शेजारी, मुलांच्या शाळेतली शिक्षिका, गावातल्या चर्चमधले कोणी, एखादा माजी सैनिक यांना सोबत घ्या. माजी सैनिकाचा शब्द या विषयावर जितका ऐकला जातो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाचा.

वेळ १५ ते २० मिनिटांचा मिळतो. आदल्या दिवशी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर तालीम करा आणि कामे वाटून घ्या. एकाने ओळख करून द्यायची आणि सूत्र सांभाळायचे, दोघांनी आपापले कलम सांगायचे, एकाने मागणी करायची, एकाने लिहून घ्यायचे. मागणी करणाऱ्याचे काम सर्वांत अवघड, कारण ती शब्दशः आणि प्रश्न म्हणून करावी लागते: 'प्रतिनिधी या विधेयकाचे को-स्पॉन्सर होतील का?' त्यानंतर गप्प बसायचे. आपली माणसे इथे घसरतात. प्रश्न विचारून झाल्यावर शांतता अवघड वाटते, आणि 'म्हणजे जमलं तर पाहा' असे स्वतःच म्हणून टाकतात. असे म्हटले की समोरच्यावर उत्तर द्यायची जबाबदारीच राहत नाही.

पहिली पाच मिनिटे स्थानिक गोष्टींना द्या. तुमच्या गावातल्या शाळेत या वर्षी काय घडले, स्थानिक महिला-आधार केंद्रावर किती ताण आहे, पोलीस आणि वस्ती यांच्यात काय धुमसते आहे. आकडे स्थानिक पोलीस किंवा शाळा-मंडळाच्या प्रसिद्ध अहवालातूनच घ्या आणि अहवालाची प्रत सोबत ठेवा.

मराठी माणसाजवळ इथे सांगण्यासारखी एक खरी गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या गृह खात्याने आर. आर. पाटील यांच्या काळात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावोगाव समित्या झाल्या. बांधाचे, वाटणीचे, तडजोड होऊ शकेल अशा फौजदारी गुन्ह्यांचे तंटे गावातच समजुतीने मिटवायचे, आणि चांगले काम करणाऱ्या गावांना बक्षिसे द्यायची. पोलिसांना आदेश देणाऱ्या खात्यानेच 'तंटा होण्याआधी थांबवणे' हे आपले काम मानले, हा त्यातला मुद्दा. असिस्टंटला हे नवे असते आणि तो ते लिहून घेतो. पण दोन वाक्यांत सांगा. मोहिमेच्या यशाचे आकडे ठोकून देऊ नका. गावागणिक अनुभव वेगळा आहे.

निघताना एक पान द्या. एकच पान, एकाच बाजूला छापलेले: वर विधेयकाचे नाव आणि क्रमांक, ठळक अक्षरांत मागणी, तीन मुद्दे, एका माणसाचे नाव व फोन. स्लाइडचे सादरीकरण नेऊ नका.

भेटवस्तूंबद्दल स्पष्टच सांगतो, कारण रिकाम्या हाताने जाणे आपल्याला जमत नाही. प्रतिनिधिगृहाच्या नियमानुसार एका वेळी ५० डॉलरपेक्षा कमी किमतीची आणि एकाच व्यक्तीकडून वर्षभरात एकूण १०० डॉलरपेक्षा कमी किमतीचीच भेट घेता येते. शाल, समई, चांदीचा गणपती यांची किंमत विचारायची वेळ आली की कर्मचारी अवघडतो. काही नेऊ नका. त्याऐवजी आभाराचे कार्ड पाठवा.

विषयाला विषय जोडू नका. ग्रीन कार्डची रांग, भारतातले राजकारण, काश्मीर, मुलाची इंटर्नशिप यांतले काहीही त्या वीस मिनिटांत आले की नोंदवहीत ओळ पडते ती त्याची.

उलट प्रश्न

'खर्च किती?' याचे खरे उत्तर असे की विधेयकात रक्कम नाही, आणि काँग्रेसचे बजेट कार्यालय विधेयक समितीतून बाहेर आल्यावरच अंदाज काढते. तेच सांगा. ८५ टक्क्यांची अट जोडून सांगा. बनवलेला आकडा एकदा उघडा पडला की पुढच्या भेटीचा दरवाजा बंद होतो.

'हे काम करणाऱ्या संस्था आहेतच ना?' हा प्रश्न नक्की येतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने कम्युनिटी रिलेशन्स सर्व्हिस निर्माण केली. वांशिक तणावात मध्यस्थी करणे हे तिचे काम. १९८४ मध्ये युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट ऑफ पीस स्थापन झाली. तिचा भर परदेशातल्या संघर्षांवर होता. यांना कमी लेखू नका, त्यांचे महत्त्व मान्य करा. मग सांगा की यांपैकी कोणालाही मंत्रिमंडळाच्या बैठकीत खुर्ची नाही. खुर्ची नसली की काय होते ते मार्च २०२५ मध्ये दिसले: प्रशासनाने इन्स्टिट्यूटच्या संचालक मंडळातली माणसे हटवली, कर्मचारी काढले, आणि वाद न्यायालयात गेला. इथे थांबा. पक्षीय टीकेत शिरलात तर अर्ध्या कार्यालयांत तुमचे काम संपलेच.

'हे कधी मंजूर होणार?' हा सर्वांत अवघड प्रश्न. कल्पना तर फार जुनी आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉक्टर बेंजामिन रश यांचा 'पीस ऑफिस'चा आराखडा बेंजामिन बॅनेकर यांच्या १७९३ च्या पंचांगात छापला गेला. १९३५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर मॅथ्यू नीली यांनी शांतता खात्याचे विधेयक मांडले, १९६९ मध्ये इंडियानाचे व्हान्स हार्टके यांनी. पण इतिहासाची यादी वाचून दाखवली तर ऐकणाऱ्याला अपयशाचीच यादी ऐकू येते. त्यापेक्षा ही दोन उदाहरणे द्या. इन्स्टिट्यूट ऑफ पीस १९८४ मध्ये आली ती स्वतंत्र विधेयकाने नव्हे, तर संरक्षण खात्याच्या वार्षिक अधिकृतता कायद्यातले एक प्रकरण म्हणून. आणि काँग्रेसमन जॉन लुईस यांचा भारत व अमेरिका यांच्यातला गांधी-किंग अभ्यास-विनिमयाचा कायदा त्यांच्या निधनानंतर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाला, तोही मोठ्या खर्चविधेयकाच्या पोटात बसून. छोटी विधेयके मोठ्या गाडीत बसून पोचतात. मोठी गाडी निघताना कोणाचे सामान घ्यायचे हे ठरवताना को-स्पॉन्सरची यादी पाहिली जाते. सही आज कशाला हवी, याचे उत्तर हे आहे.

आजवरचे जवळजवळ सगळे को-स्पॉन्सर डेमोक्रॅट आहेत. प्रतिनिधी रिपब्लिकन असेल तरी भेट टाळू नका, पण नवे खाते म्हणजे सरकारचा पसारा वाढणे ही त्यांची प्रामाणिक अडचण ओळखा. तिथे सहीचा आग्रह न धरता एखाद्या भागाबद्दल विचारा: शाळेतल्या तंटा-निवारणाचे प्रशिक्षण किंवा निवृत्त सैनिकांसाठीचे कार्यक्रम. काही कार्यालयांचा नियमच असतो की दोन्ही पक्षांचे प्रायोजक असल्याशिवाय सही करायची नाही. तो नियम कोणता ते विचारून घ्या; पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

सही झाली का, हे कसे कळते

'प्रतिनिधी तुमचे मत लक्षात ठेवतील' असे पत्र आले म्हणजे सही झाली, असा समज करून घेऊ नका. ते 'नाही' सुद्धा नसते. भेटीनंतर २४ तासांत आभाराचा ईमेल पाठवा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यात द्या, आणि उत्तर कधी मिळेल ते विचारा. दोन आठवड्यांनी फोन, मग महिन्यातून एकदा. ज्या व्यक्तीशी बोललात तिलाच गाठा. ती नोकरी सोडून गेली असेल तर नव्या व्यक्तीला पहिल्यापासून सांगा. अशा बदल्या सतत होतात आणि तुमची फाइल आपोआप पुढे जात नाही.

'हो' मिळाले की पुढचे काम कार्यालयांमध्ये होते: तुमच्या प्रतिनिधीचे कार्यालय मुख्य प्रायोजकाच्या कार्यालयाला कळवते, आणि नावाचा फॉर्म मुख्य प्रायोजकाच्या सहीने सभागृहात दाखल होतो. सभागृहाचे कामकाज चालू असेल त्याच दिवशी हे घडते, म्हणून सुट्टीत मिळालेला 'हो' काँग्रेस डॉट गव्ह वर दिसायला काही आठवडे लागू शकतात. नाव तारखेसह दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तोंडी 'हो' दोन कार्यालयांच्या मध्ये हरवल्याची उदाहरणे बरीच आहेत. नाव दिसले की स्थानिक वर्तमानपत्राला १५० शब्दांचे आभाराचे पत्र पाठवा, प्रतिनिधीच्या नावासकट. कार्यालये ती कात्रणे जपून ठेवतात.

११९ वी काँग्रेस ३ जानेवारी २०२७ रोजी संपते आणि त्याच दिवशी १२० वी सुरू होते. तेव्हा सगळी यादी शून्यावर येईल. म्हणून डिसेंबर २०२६ मध्येच असिस्टंटला एक ईमेल लिहून ठेवा: विधेयक पुन्हा मांडले जाईल त्या दिवशी 'ओरिजिनल को-स्पॉन्सर' म्हणून नाव असावे. मांडण्याच्या दिवशी असलेली नावे विधेयकाच्या पहिल्याच पानावर छापली जातात. मतदारसंघात नोव्हेंबरच्या निवडणुकीत नवा माणूस निवडून आला असेल, तर त्याचे कर्मचारी नेमले जाईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. भेट तेव्हा मागा, आणि ते एक पान नव्या क्रमांकाने पुन्हा छापून घ्या.